वसंता अत्याच्या हातचं

कोठीच्या खोलीत भांडण चाललं होतं आणि वसंता दाराआड उभी होती. अकरा वर्षांची पोर, हातात अर्धवट ओवलेली अबोली, कान फटीला. तंजावरातल्या त्या घरात भांडणांना तोटा नव्हता. पण आजचं भांडण तिच्यावरून होतं, म्हणून दोरा तसाच धरून ती ऐकत राहिली.

महिन्याभरापूर्वी तिला घटसर्प झाला होता. त्यातून जीव वाचला, गळा वाचला नाही. जी पोर गायला लागली की रस्त्यावरची माणसं थांबायची, तिच्या तोंडून आता फुटक्या घागरीसारखा आवाज निघे. गाणं शिकवणाऱ्या मास्तरांनी सांगून टाकलं, उद्यापासून पाठवू नका. आणि कुंभकोणमच्या ज्या घरानं ‘मोठी झाली की हीच आमची सून’ असा शब्द टाकला होता, त्यांचाही निरोप आला, की शब्द दिला होता तो गळ्याला.

“घरात डबाभर अतिमधुरम पडलंय,” वडील आईला म्हणत होते. “रोज एक काडी पोरीच्या तोंडात द्यायला तुला काय जड झालं होतं?”

“काडीनं घटसर्प टळतो होय? पहाटे तळ्यात गळ्याइतक्या पाण्यात उभी करून तिला गायला लावायची तुमची आई, ते नाही कुणाला दिसलं.”

“जीभ आवर. पोरीच्या जन्माची माती केलीस तू. एका काडीपायी.”

अतिमधुरम म्हणजे आपलं ज्येष्ठमध. तमिळ मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहून त्यांच्या तोंडी तेच नाव बसलं होतं. गळा रोगानं नेला, त्यात ना काडीचा दोष ना तळ्याचा, हे आज कुणीही सांगेल. पण लहान पोर भांडणातून खरं-खोटं निवडत बसत नाही, हाताला लागेल ते उचलते. वसंतानं काडी उचलली.

पुढं कुंभकोणमला तिची धाकटी बहीण सरोजा दिली. सरोजाला सूर आणि शिंक यांतला फरक कळत नसे, पण त्या घराला ती चालली. गळ्याचं नंतर कुणी नावही काढलं नाही. लग्नात वसंता वाढायला होती आणि पायसम तिनंच केलं होतं, लोक बोटं चाटत होते. तेव्हाच तिला कळलं, आपल्याला ऐकायला कुणी थांबणार नाही, पण जेवायला थांबतील.

मग ती जन्मभर रांधत राहिली. भाऊ गेला, भावजय गेली, मागं चार वर्षांचा गिरीधर राहिला. एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात इडलीची भांडी लावून लावून तिनं त्याला इंजिनिअर केला. लग्नाचं तिचं वय कधी निघून गेलं ते तिला इडलीच्या वाफेत दिसलंच नाही, असं तीच म्हणायची आणि वर हसायचीही. गिरीधरला श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली, नंगनल्लूरला तिसऱ्या मजल्यावर घर झालं, आणि त्या घराचं स्वयंपाकघर वसंता अत्याचं झालं. तो कंपनीच्या बसनं जाई, शिफ्टप्रमाणे येई. बस कधीही येवो, ताट गरम असे.

गिरीधरची बायको देविका सांगलीची. सिरुसेरीला कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. दोघी मराठीच बोलत, पण एकीचं मराठी तीनशे वर्षांपूर्वी घरातून निघालेलं आणि दुसरीचं काल विमानानं आलेलं. सुरुवातीला देविका हसायची, वसंता रुसायची. पुढं दोघींनी तो नाद सोडला. देविका सकाळी जाई ती रात्री येई, स्वयंपाकघरात पाऊल टाकायला तिला वेळ नव्हता आणि वसंताला तिचं पाऊल तिथं नकोच होतं. एका फडताळाचा मात्र कोपरा देविकाचा होता. सांगलीहून आईनं पाठवलेल्या लोणच्याची बरणी तिथं असे.

दिव्यश्री झाली, मोठी झाली, आणि एक दिवस न्हाणीघरातून तिचा गुणगुणण्याचा आवाज आला. वसंता कढीलिंब निवडत होती. तिचे हात थांबले. त्या पोरीचा गळा तिच्या ओळखीचा होता, साठ वर्षांपूर्वी तो तिच्या स्वतःच्या नरड्यात होता.

दोन गल्ल्या पलीकडे त्रिपुरसुंदरी टीचर गाणं शिकवत. वसंतानंच दिव्याला तिथं घातलं, तीच नेई, तीच आणी, आणि शिकवणी चालू असेतो बाहेर चपलांपाशी बसून राही. टीचर म्हणाल्या, मुलीचा आवाज जपा. एवढं म्हणणं पुरलं. पडत्या फळाची आज्ञा. मसाल्याच्या डब्यात मिरी-जिऱ्याशेजारी ज्येष्ठमधाचा कप्पा झाला. सकाळी शाळेत निघताना एक काडी चघळायला, संध्याकाळी गाण्याआधी त्याचाच काढा दुधातून. दिव्याला ते गोड लागे, त्यामुळे मागं लागावं लागलं नाही. शाळेच्या बसमध्ये मैत्रिणी चॉकलेट चघळत, ही काडी. तिला सगळ्या ‘काडी’ म्हणूनच हाक मारत, आणि ती काडीसारखीच बारीक होती.

बारा वर्षांची असताना शाळेत आरोग्य तपासणी झाली. नर्सनं दिव्याच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, आकडा बघितला आणि दुसरा पट्टा मागवला. पुन्हा तेच. घरी निरोप आला, मुलीचा रक्तदाब फार आहे, डॉक्टरांना दाखवा.

गिरीधर हसला. एवढ्याशा पोरीला कुठं बीपी असतं, म्हणाला, यंत्र बिघडलं असेल. वसंताला तर तो तिच्या स्वयंपाकाचा अपमान वाटला. शेवटी देविकानं सुटी काढली आणि चौघंही मुलांच्या डॉक्टरांकडे गेले. गुरुमूर्ती डॉक्टर वयानं मोठे, बोलणं सावकाश. त्यांनी लहान मुलांचा पट्टा बांधून दोन्ही दंडांवर मोजलं, झोपवून पायावर मोजलं. आकडा मोठ्या माणसाला घाबरवील असा होता.

मग ते समजावत बसले. हल्ली मुलांनाही हा त्रास होतो. वजन वाढलेलं असतं, खेळ नसतो, पाकिटातलं खारट खाणं असतं, झोप नसते, घराण्यात असतो. पण तुमची मुलगी बारीक आहे. अशा मुलांत बहुधा आत काहीतरी कारण सापडतं. मूत्रपिंड बघायचं, तिथं जाणारी रक्तवाहिनी बघायची, हृदयापासून निघणारी मोठी नळी कुठं अरुंद आहे का ते बघायचं, ग्रंथी बघायच्या. आणि शेवटी त्यांनी विचारलं, मुलीला कुठलं औषध चालू आहे का, गोळी, मलम, गावठी औषध, काहीही.

गिरीधरनं अत्याकडे वळून विचारलं, “काही औषध देतेस का हिला?”

“औषध कशाला देऊ? पोर काय आजारी आहे?”

“नाही म्हणतात,” गिरीधरनं डॉक्टरांना सांगितलं, आणि ते लिहिलं गेलं.

यात ती खोटं बोलली नव्हती. मिरी काही औषध नव्हे, हिंग नव्हे, तसंच हेही. ते डब्यात राहतं. औषध कपाटात राहतं, पांढऱ्या पाकिटात, आणि कडू असतं. त्या घरात सगळ्यांची समजूत तीच होती. गिरीधर स्वतः त्याच काड्या चघळत मोठा झाला होता, परीक्षेच्या वेळी, खोकला झाला की, चार-चार दिवस. त्यालाही ती आठवली नाही. काखेत कळसा म्हणतात, तो काखेतही नव्हता, पोरीच्या दातांखाली होता.

तपासण्या होईपर्यंत मीठ बंद, पाकिटं बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि गोळी सुरू केली. त्यांच्या एवढ्या लांबलचक बोलण्यातून वसंतानं एकच गोष्ट धरली, पाकीट आणि खारट. पाकिटं कोण आणतं? देविका. खारट कोण खातं? देविका. झालं. घरी येऊन तिनं फडताळातली बरणी उतरवली.

त्या बरणीची गोष्ट अशी, की देविकाची आई आदल्या वैशाखात गेली होती. जाण्याआधी घातलेलं ते शेवटचं लोणचं. देविका ते पुरवून पुरवून खायची, आणि कधी कधी नुसतं झाकण उघडून वास घेऊन ठेवून द्यायची. वसंतानं ते कचऱ्याच्या पिशवीत उपडं केलं, बरणी घासली आणि उन्हात पालथी घातली.

संध्याकाळी देविका आली. तिनं पालथी बरणी बघितली.

“आत्याबाई, मला विचारायचं तरी.”

“पोरीच्या रक्तात चढलंय तुझं लोणचं. विचारायचं काय त्यात?”

तिथंच थांबली असती तर एक वेळ गोष्ट निराळी होती. पण वसंताला हे आता सगळ्यांना सांगायचं होतं. लिफ्टमध्ये सांगितलं, देवळात सांगितलं, पोंगलला सरोजा आणि तिच्या सुना आल्या तेव्हा पंगतीत सांगितलं. आईला रांधायला वेळ नाही, पोर पाकिटं फोडून जेवते, मग रक्त चढणार नाही तर काय. सरोजाची थोरली सून म्हणाली, हल्लीच्या आया. देविका पानावरून उठली नाही. भात कालवत राहिली, खाल्ला मात्र नाही. पुढल्या महिन्यात तिनं सिरुसेरीची नोकरी सोडली. गिरीधर म्हणाला, बरं केलंस. त्याच्या तोंडून तेवढंच निघालं.

तपासण्या एकेक करून येत गेल्या. मूत्रपिंडं चांगली. हृदयाची नळी चांगली. रक्तात एक गोष्ट मात्र वाईट होती, पोटॅशियम फार उतरलं होतं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, जुलाब होतात का, उलट्या होतात का, बारीक व्हायच्या गोळ्या चोरून घेते का. नाही, नाही, नाही. त्यांनी एक पातळ औषध दिलं आणि गोळी वाढवली. आकडा जरा खाली येई आणि पुन्हा चढे.

घरात बिनमिठाचं जेवण सुरू झालं. देविका रांधायला बघे, पण वसंता तिला ओट्यापाशी उभी राहू देत नसे. बिनमिठाची आमटी, बिनमिठाची अंबट भाजी. दिव्या घास तोंडात घोळवी आणि पाण्याबरोबर गिळी. तिचे पाय दुखायला लागले. लिफ्ट बंद असली की तीन जिने चढताना ती मधल्या मजल्यावर बसे. डोकं दुखे, तहान लागे, गाण्याच्या तासाला दम पुरेना. त्रिपुरसुंदरी टीचर म्हणाल्या, मार्गळीतल्या, म्हणजे डिसेंबरातल्या, कार्यक्रमात हिला गायला बसवायचं होतं, आता बघू.

पोरीचा गळा चालला, वसंताला वाटलं. आपला गेला तसा. तिनं काढा दोन वेळा केला. सकाळच्या काडीला दुपारच्या डब्यात जोड दिली. दिव्यानंही नको म्हटलं नाही. साऱ्या दिवसात जिभेला चव लागेल अशी ती एकच वस्तू उरली होती.

“पाटी, आणखी एक दे ना,” ती म्हणे. तिथल्या रीतीनं आजीला पाटी.

“घे माझी सोनी,” वसंता म्हणे आणि पदराच्या गाठीतून काढून देई.

मार्गळी उजाडायच्या आधीच शाळेतून फोन आला. वर्गात वाचायला उभी राहिली आणि अक्षरं दिसत नाहीत म्हणाली. मग पडली आणि झटके आले.

इस्पितळात दोन दिवस तिला शुद्ध नव्हती. काचेच्या दाराबाहेर देविका उभी, गिरीधर बसलेला, वसंता देवाचं नाव घेत भिंतीला टेकलेली. तिसऱ्या दिवशी पोरीनं डोळे उघडले आणि नर्सनं एकेकाला आत सोडलं. वसंता आत गेली. दिव्याचे ओठ सुकले होते. पोरीच्या घशाला कोरड पडली असणार, तिला वाटलं. नर्सची पाठ वळली तशी तिनं पदराची गाठ सोडली.

भवानी नावाची ती नर्स चादर बदलायला आली तेव्हा उशीखाली चघळलेली काडी निघाली, पिवळे धागे सुटलेली. भवानीनं ती टाकली नाही, कागदावर ठेवून गुरुमूर्ती डॉक्टरांना दाखवली. डॉक्टरांनी नाकाला लावली. मग ते खुर्चीत बसले.

“हे हिला कोण देतं?”

वसंताला वाटलं, चला, एवढ्या दिवसांत कुणीतरी तिची किंमत केली. “मीच देते,” ती म्हणाली. “दीड वर्ष झालं. एक दिवस चुकवला नाही.”

“मी विचारलं होतं तुम्हाला. काही औषध देता का म्हणून.”

“हे औषध कुठं आहे, डॉक्टर? हे तर आमच्या डब्यातलं.”

डॉक्टर रागावले नाहीत. खोकल्याला चार दिवस घेतलं तर कुणी काही म्हणणार नाही, त्यांनी सांगितलं. पण रोज, महिनोन्‌महिने, एवढ्या लहान शरीरात गेलं, की हेच मूळ शरीराला मीठ धरून ठेवायला लावतं आणि पोटॅशियम बाहेर घालवतं. मीठ ताटात नसलं तरी. दाब चढतो, पाय गळतात, आणि चढता चढता एक दिवस डोक्यात जातो. मूत्रपिंड शोधलं, हृदय शोधलं, ग्रंथी शोधल्या. आता आणखी शोधायला नको. हे बंद करा, दाब आपोआप उतरेल. डोळ्यांचं मात्र बघावं लागेल.

वसंताचे ओठ पांढरे पडले होते. भवानीनं तिला स्टुलावर बसवलं आणि जाता जाता तिच्याही दंडाला पट्टा बांधला. तिचा आकडा नातीपेक्षा वर निघाला. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. ती चिठ्ठी गिरीधरनं शर्टाच्या खिशात घातली, आणि शर्ट कपडे धुवायच्या यंत्रात गेला. त्यानंतर कुणी विचारलं नाही, आणि वसंतानं आठवण केली नाही. आठवण करायला तोंड लागतं.

दाब उतरला. डॉक्टर म्हणाले तसाच, काही आठवड्यांत, गोळ्या एकेक बंद होत. पायांत बळ आलं, जिने चढू लागली. डोळ्यांचं तेवढं राहिलं. उजव्या अंगाचं तिला दिसेना. ताटात उजवीकडे वाढलेली भाजी तशीच राही, आणि दाराची उजवी चौकट खांद्याला लागे. गाणं तिनं सोडलं. कुणी सोडायला लावलं नाही. टीचर घरी येऊन बसल्या तेव्हा ती एवढंच म्हणाली, की आता नको.

घरी आल्यावर देविकानं पोरीला निजवलं, मसाल्याचा डबा उचलला, ज्येष्ठमधाचा कप्पा रिकामा केला आणि डबा आपल्या खोलीत नेऊन ठेवला. मग ती स्वयंपाकघराच्या दारात आली.

“माझ्या आईचं लोणचं टाकलंत, तेव्हा ती काडी तुमच्या पदरातच होती ना?”

वसंतानं हो म्हणून मान हलवली.

“आजपासून माझ्या मुलीच्या तोंडात तुमच्या हातचं काही जाणार नाही. पाणीसुद्धा.”

वसंतानं गिरीधरकडे बघितलं. चार वर्षांचा असल्यापासून ज्याला घास भरवला, तो बुटाच्या नाड्या सोडत होता. सोडून झाल्या तरी तो खाली वाकलेलाच राहिला.

“बरं,” ती म्हणाली.

देविकानं तिला घराबाहेर काढलं नाही. तसं केलं असतं तर चार लोकांनी देविकाला नावं ठेवली असती आणि वसंताची बाजू घेतली असती. देविका शहाणी होती. ती तिला दोन वेळा ताट वाढी, गरम, वेळेवर, मीठ अगदी बेताचं. वरून विचारी, आमटी आणखी वाढू का, आत्याबाई. बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. फक्त ओट्यापाशी जायचं नव्हतं, पाण्याच्या मडक्याला हात लावायचा नव्हता, पोरीच्या डब्याकडे बघायचं नव्हतं. साठ वर्षं ज्या हातांनी माणसांना खाऊ घातलं ते हात आता मांडीवर पडलेले असत आणि त्यांना कुठं ठेवायचं हे तिला कळेना.

आणि लोक विचारत. वसंतानंच सगळीकडे पेरलं होतं ना. लिफ्टमध्ये बाया थांबवून चौकशी करत, मग काय निघालं शेवटी, लोणचंच ना? देविका म्हणे, आत्याबाईंना विचारा, त्यांना नीट ठाऊक आहे. मग वसंताला उभं राहून सांगावं लागे. एकीला, दुसरीला, मग तिसऱ्या मजल्यावरचीला. कुंभकोणमहून सरोजानं फोन केला तेव्हाही देविकानं फोन तिच्याच हातात दिला. सरोजा सगळं ऐकून म्हणाली, “अक्का, तुला गळ्याचं वेड पहिल्यापासूनच.” आणि आपल्या गुडघ्याच्या दुखण्यावर गेली.

वसंताला मनात एकच आशा होती. पोर आपण होऊन काहीतरी मागेल. मोठं नको, पायसम नको, पाणी मागेल. देविका म्हणाली ते देविकाचं. पोर लहान आहे, माया आहे, एक दिवस विसरेल. त्या दिवसासाठी ती सकाळपासून हॉलमध्ये मडक्याकडे तोंड करून बसे.

तो दिवस आला. देविका बँकेत गेली होती, बाहेर ऊन रणरणत होतं, आणि दिव्या शाळेतून धापा टाकत आली. दप्तर फेकलं, पंख्याखाली उभी राहिली, म्हणाली, “किती तहान लागलीय.”

वसंता उठली. मडक्यातून पेला काठोकाठ भरला, पदरानं बाहेरून पुसला आणि तिच्यापुढं धरला. पोरीच्या उजव्या बाजूनं धरला, तिथं तिला दिसलाच नाही. वसंता वळसा घालून डाव्या बाजूला आली.

दिव्यानं पेल्याकडे बघितलं, मग पाटीकडे.

“नको पाटी. अम्मानं सांगितलंय.”

आवाजात राग नव्हता. रुसवाही नव्हता. ‘चप्पल बाहेर काढ’ म्हणावं तसं ती म्हणाली. मग तिनं स्वतः दुसरा पेला घेतला, मडक्यात बुडवला, निम्मं पाणी उजवीकडे सांडलं आणि उरलेलं घटाघटा प्यायली. वसंता आपला पेला धरून उभी होती. थोड्या वेळानं तिनंच तो प्यायला. मग फडकं आणून सांडलेलं पुसलं. देविकानं फरशीला मनाई केली नव्हती.

त्यानंतर ती मडक्याकडे तोंड करून बसली नाही.

तिला एक काम मात्र देविकानं दिलं होतं, किंवा काढून घ्यायचं राहिलं होतं. पोरीचे शाळेचे कपडे इस्त्रीला न्यायचे आणि आणायचे. कपड्यांना काही होत नाही, देविका म्हणाली होती. गल्लीच्या तोंडाशी पुंगाच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली वेंकटची गाडी असे, कोळशाची इस्त्री, पितळेची, घडीवर पाणी शिंपडून तो ती अशी फिरवी की वाफेचा वास वसंताला इडलीच्या भांड्यापर्यंत नेई. ती तिथं दगडावर बसे. वेंकट तमिळमध्ये तिची थट्टा करी, पाटी, तुम्ही या वयात शाळेत जाता की काय, रोज एवढा युनिफॉर्म लागतो? ती म्हणे, नापास होतेय रे, म्हणून दरवर्षी जावं लागतं. दिवसभरात तेवढंच ती हसे.

पंगुणी महिन्यातल्या, म्हणजे आपल्या फाल्गुन-चैत्रातल्या, एका रविवारी ती संध्याकाळी कपडे आणायला उतरली, ते तिचं शेवटचं काम. सोमवारी सकाळी तिला हाक मारायला कुणी गेलं तेव्हा ती उठण्यापलीकडे गेलेली होती. डोक्यात रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले, दाब फार दिवसांचा असणार. पण ते सोमवारचं झालं.

रविवारी तिचं डोकं जरा जड होतं आणि लिफ्ट बंद होती. कठडा धरून ती तीन जिने उतरली. वेंकटनं निळा पिनाफोर घडी करून ठेवला होता. ती दगडावर बसली, घडी उलगडून चुण्या बघितल्या. एक चुणी उलटी पडली होती.

“ही परत कर.”

“पाटी, ती कुणाला दिसणार?”

“मला दिसली ना.”

वेंकटनं कुरकुरत इस्त्रीत कोळसा फुंकला, चुणी मोडली आणि सरळ बसवली. वसंतानं कपडे दोन्ही हातांवर आडवे घेतले, चुरगळू नयेत म्हणून छातीपासून लांब धरले, आणि जिने चढून आली. मधल्या मजल्यावर थांबली, पुन्हा चढली. दिव्या खोलीत अभ्यास करत होती, तिनं मान वर केली नाही. वसंतानं कपाट उघडलं. पिनाफोर हँगरला लावला, पांढरा शर्ट त्याच्यावर, टाय शर्टाच्या खिशात. मोजे एकात एक घालून खाली ठेवले. आणि हँगर डाव्या खुंटीला अडकवला, कपाट उघडल्याबरोबर पोरीला दिसेल असा.